एक फ्रेम, अनेक नळ्या: कंटेंडर पिस्तूल घेणे, सांभाळणे आणि चालवणे

एका वेळी एकच काडतूस भरायचे आणि हवी तेव्हा नळी बदलायची, अशा पिस्तुलांमध्ये अमेरिकेत सर्वांत जास्त रुळलेले नाव थॉम्पसन/सेंटर कंपनीच्या कंटेंडरचे आहे. न्यू हॅम्पशायर राज्यातील रॉचेस्टर येथे के. डब्ल्यू. थॉम्पसन यांचा अवजारे आणि सुटे भाग बनवणारा कारखाना होता. बंदुकांचे कारागीर वॉरन सेंटर १९६५ मध्ये तेथे आले आणि त्यांच्या आराखड्यावर बेतलेले कंटेंडर १९६७ मध्ये बाजारात उतरले. पुढे अधिक ताकदीच्या काडतुसांसाठी एन्कोर ही थोराड फ्रेम (नळी, मूठ आणि चाप ज्यावर बसतात तो सांगाडा) आली आणि त्यानंतर कंटेंडरची सुधारित आवृत्ती जी-टू आली. २००७ मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने हा व्यवसाय विकत घेतला, २०२१ मध्ये तो विकायला काढला आणि २०२४ मध्ये तो नव्या मालकाकडे गेला. आज घेणाऱ्याच्या हाती बहुधा वापरलेली फ्रेमच पडते. म्हणून हा लेख वापरलेली फ्रेम घेणाऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे.

या पिस्तुलाविषयी एक गोष्ट मनात पक्की बसली, तर बाकीची काळजी आपोआप घेतली जाते: नळी बदलली की पिस्तूलच बदलले असे समजावे. फ्रेम, मूठ आणि चाप तेच राहतात. पण काडतूस, दाब, झटका, नेम, पल्ला आणि कधीकधी कायद्याने लागू होणारे कलमसुद्धा बदलते. नळी बदलणे पाच मिनिटांचे काम असल्यामुळे हा बदल किरकोळ आहे असा समज होतो, आणि या प्रकारातील बहुतेक अपघातांचे व कायदेशीर अडचणींचे मूळ त्या समजात असते.

आधी कायदा

अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार ज्या भागावर अनुक्रमांक कोरलेला असतो ती फ्रेम म्हणजेच शस्त्र. ती परवानाधारक विक्रेत्याकडून घेताना ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो, पार्श्वभूमीची तपासणी होते, आणि पिस्तूल किंवा सुटी फ्रेम घ्यायची असल्यास वय किमान २१ वर्षे लागते. नळीला संघराज्य पातळीवर शस्त्राचा दर्जा नाही, म्हणून ती पुष्कळ राज्यांत टपालानेही मागवता येते. मात्र राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत आणि बदलतही असतात, त्यामुळे खरेदीपूर्वी आपल्या राज्याचा चालू नियम पाहणे आवश्यक आहे. तेथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी आणखी एक बाब लक्षात ठेवावी. ग्रीन कार्ड असलेल्या व्यक्तीला शस्त्र घेता येते. पण एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला शस्त्र आणि काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे, आणि एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असणे हा त्यातील मोजक्या अपवादांपैकी एक आहे. मित्राचे पिस्तूल आपल्या घरी ठेवून घेणे हेसुद्धा ‘बाळगणे’ ठरू शकते. शंका असेल तर वकिलाला विचारावे. दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये.

याच पिस्तुलामुळे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एक महत्त्वाचा खटला उभा राहिला. कंपनी कंटेंडरसोबत २१ इंची नळी आणि खांद्याला लावायचा दस्ता असा संच विकत असे. १९३४ च्या राष्ट्रीय शस्त्र कायद्यानुसार १६ इंचांपेक्षा आखूड नळीची किंवा एकूण २६ इंचांपेक्षा कमी लांबीची रायफल नोंदणीशिवाय बनवता येत नाही, आणि या संचातील पिस्तुलाच्या आखूड नळीला दस्ता जोडला तर नेमकी तीच तयार होते. त्यामुळे नुसता संच विकणे म्हणजेच तशी रायफल बनवणे आहे, असे सरकारचे म्हणणे होते. कंपनीने २०० डॉलरचा कर भरला आणि परताव्यासाठी दावा लावला. १९९२ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला: ज्या भागांपासून कायदेशीर रायफलही जोडता येते, ते भाग एकत्र ठेवले म्हणून गुन्हा होत नाही, आखूड नळी आणि दस्ता प्रत्यक्ष जोडले तर मात्र होतो.

या निकालातून रोजच्या वापराचा एक नियम निघतो आणि तो हाताला लावून घ्यावा. पिस्तुलाची रायफल करताना आधी १६ इंच किंवा त्याहून लांब नळी बसवावी आणि मगच दस्ता लावावा. रायफलचे पुन्हा पिस्तूल करताना आधी दस्ता काढावा, पिस्तुलाची मूठ लावावी आणि मग आखूड नळी बसवावी. क्षणभरसुद्धा दस्ता आणि आखूड नळी एकत्र येता कामा नयेत. १ जानेवारी २०२६ पासून आखूड रायफलवरचा २०० डॉलरचा कर शून्यावर आला असला, तरी आगाऊ परवानगी आणि नोंदणीची अट तशीच आहे. शिवाय ही ये-जा पिस्तूल म्हणून जन्मलेल्या फ्रेमलाच करता येते. जी फ्रेम कारखान्यातून रायफल म्हणून निघाली, तिला आखूड नळी आणि मूठ लावून पिस्तूल करणे नोंदणीशिवाय बेकायदा आहे. म्हणून वापरलेली फ्रेम घेताना ती मुळात कशी विकली गेली होती याचा कागद मागावा आणि जपून ठेवावा.

भारताशी या गोष्टीचा संबंध एका बाबतीत येतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्रांच्या सुट्या भागांचाही ‘शस्त्र’ या व्याख्येत समावेश आहे. अमेरिकेत टपालाने आलेली नळी ‘नुसता लोखंडी भाग’ म्हणून सामानात घालून मुंबईला आणणे हा गंभीर गुन्हा ठरू शकतो. तिकडून बाहेर काढतानाही निर्यातीचा परवाना लागतो.

फ्रेम कोणती घ्यावी

कंटेंडर की एन्कोर हा पहिला प्रश्न काडतुसाने सुटतो. बार उडाला की वायूचा दाब काडतुसाच्या बुडाला मागे ढकलतो, आणि तो रेटा फ्रेमच्या उभ्या भिंतीवर येतो. रेटा म्हणजे दाब गुणिले बुडाचे क्षेत्रफळ. .२२३ रेमिंग्टन या काडतुसाचा कमाल दाब चौरस इंचाला ५५,००० पौंड आहे, तर .३०-३० विंचेस्टरचा ४२,०००. पण .३०-३० चे बूड अधिक रुंद असल्यामुळे ढोबळ हिशेबात दोघांचा रेटा जवळजवळ सारखाच येतो, आणि कंटेंडर दोन्ही पेलते. .३०८ विंचेस्टरचा दाब ६२,००० आणि बूडही मोठे, त्यामुळे रेटा .२२३ च्या सुमारे पावणेदोन पट होतो. तो कंटेंडरच्या फ्रेमने पेलायचा नाही. .३०८, .३०-०६ आणि तत्सम काडतुसांसाठी एन्कोर आहे. दोन्ही फ्रेमच्या नळ्या एकमेकींना बसत नाहीत. कंटेंडरच्या बहुतेक जुन्या नळ्या जी-टूला बसतात, पण फार जुन्या काही नळ्यांच्या कुलुपाची रचना वेगळी असल्याने घेण्यापूर्वी बसवून पाहावी. मुठी मात्र या दोघींच्याही वेगळ्या असतात.

पहिल्या नळीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ती .२२ लाँग रायफल या काडतुसाची, १० इंची असावी. या काडतुसाला झटका नाही आणि खर्चही कमी, त्यामुळे चाप, श्वास आणि नेम यांतील दोष लपून राहत नाहीत. एन्कोरची हॅमर (चाप ओढला की सुईवर आदळणारा घोडा) काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर मारते, तर .२२ ला काठावर मार लागतो. म्हणजे या शिक्षणासाठी कंटेंडरच योग्य. दुसरी नळी .३५७ मॅग्नमची घ्यावी आणि त्यानंतरच १४ इंची नळीत ७-३० वॉटर्स किंवा .३०-३० कडे वळावे. .३०-३० च्या रायफलींत सहसा नळीसारखे मॅगझिन असते आणि त्यात काडतुसे एकामागे एक रांगेत बसतात, म्हणून मागच्याचे टोक पुढच्याच्या प्राइमरवर (बुडातील, सुईच्या माराने पेटणाऱ्या टोपीवर) टेकू नये यासाठी चपट्या नाकाची गोळी वापरतात. एका बाराच्या पिस्तुलात ही अडचण नसल्यामुळे टोकदार गोळी वापरता येते आणि तेच जुने काडतूस दूरवर बरेच चांगले वागते. शिकारीसाठी कोणते काडतूस चालते, हे मात्र त्या-त्या राज्याचे वन्यजीव खाते ठरवते.

वापरलेले पिस्तूल पाहताना आधी ते रिकामे असल्याची खात्री करावी. मग बंद स्थितीत एका हाताने मूठ आणि दुसऱ्याने नळी धरून वर-खाली व आजूबाजूला हलवून पाहावे; जाणवण्याइतका खडखडाट असेल तर बिजागरीची खीळ, तिची भोके किंवा कुलूप झिजले आहे. फ्रेमच्या उभ्या भिंतीवर, सुईच्या भोकाभोवती, वायूने खाल्लेले खड्डे दिसले तर प्राइमर फुटत होते, म्हणजे कोणीतरी जास्त दाबाची काडतुसे वापरत होता असे समजावे. नळी सुटी करून उजेडाकडे धरावी: आतील आटे टोकापर्यंत धारदार दिसावेत, मध्ये कोठे काळी कडी दिसली तर तेथे नळी फुगलेली असण्याची शक्यता आहे. तोंडाच्या कडेला ठेच लागलेली असेल तर नेम बिघडतो, पण ते कारागिराकडून दुरुस्त होते. फ्रेम वाकलेली किंवा तडकलेली असेल तर ती सोडून द्यावी.

नळी बदलण्याची रीत

ज्या टेबलावर नळी बदलायची त्यावर एकही काडतूस नसावे. पिस्तूल सुरक्षित दिशेला धरून उघडावे. ट्रिगर गार्डच्या मागचा काटा मुठीकडे दाबला की कुलूप सुटते आणि नळी पुढे झुकते. कोठी (नळीतील काडतूस बसण्याची जागा) डोळ्याने पाहावी आणि करंगळीने चाचपावी; अंधूक उजेडात .२२ ची पुंगळी (काडतुसाचे धातूचे कवच) नजरेतून सुटते, बोटातून सुटत नाही.

त्यानंतर पिस्तूल बंद करून उलटे करावे आणि फोरएंडचे (नळीखालच्या पुढच्या पकडीचे) स्क्रू काढावेत. स्क्रूड्रायव्हर खाचेत बरोबर बसणारा असावा. फोरएंड निघाला की बिजागरीची खीळ दिसते. ती बोटाने किंवा लाकडी अथवा पितळी दांडीने एका बाजूने सरळ ढकलावी. लोखंडी पोगर आणि हातोडी वापरल्यास खीळ आणि भोकाची कड दोन्ही खराब होतात. एन्कोरची खीळ जाड असते आणि तिला थोडा जोर लागतो. खीळ निघाल्यावर काटा दाबून कुलूप सोडवावे आणि नळी वर उचलावी.

आता घाई करू नये, कारण ही जागा एरवी झाकलेली असते. फ्रेमची उभी भिंत, नळीचे मागचे तोंड आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या भागाच्या) खालची खाच फडक्याने पुसावी. न जळालेल्या दारूचा एक कण तेथे अडकला तरी कुलूप पूर्ण लागत नाही. खिळीला ग्रीसचा पातळ हात द्यावा. नवी नळी बसवून भोके एका रेषेत आणावीत आणि खीळ दोन्ही बाजूंनी फ्रेमच्या आतच राहील अशी सारावी. तिला जागेवर धरून ठेवण्याचे काम फोरएंड करतो, म्हणून फोरएंडशिवाय बार कधीही काढू नये. अष्टकोनी आणि जाड गोल नळ्यांचे फोरएंड वेगळे असतात. न बसणारा फोरएंड स्क्रू आवळून बसवला तर तो नळीवर ताण देतो आणि नेम भरकटतो.

शेवटी हॅमरवरची निवड पाहावी. कंटेंडरमध्ये काठावर मारणारी आणि मध्यावर मारणारी अशा दोन सुया आहेत. नव्या हॅमरवर दोन्हींच्या मध्ये सुरक्षित स्थिती असते. निवड चुकली तर बार उडणार नाही, आणि .२२ च्या रिकाम्या कोठीवर सुई मारली तर कोठीची कड चेपते. म्हणून रिकामा चाप ओढण्याचा सराव .२२ च्या निवडीवर करू नये. मग रिकामे पिस्तूल काही वेळा उघडून-मिटून पाहावे. मिटताना ते ठामपणे मिटावे. कुलूप अर्धवट लागले तर आतील व्यवस्था बार होऊ देत नाही, आणि ‘सुई लागत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

या रचनेचा मोठा लाभ असा की साईट किंवा दुर्बीण नळीवरच असते. नळी काढून पुन्हा बसवली तरी तिचा नेम तिच्यासोबत राहतो. तरीही पुन्हा बसवल्यावर दोन-तीन बार काढून खात्री केल्याशिवाय शिकारीला जाऊ नये.

काडतूस आणि नळी यांची गाठ

मेजावर एका वेळी एकच नळी आणि तिचीच काडतुसे असावीत, हा नियम मी कोणालाही शिथिल करू देत नाही. नळीवर कोरलेले नाव आणि काडतुसाच्या बुडावरचे नाव मोठ्याने वाचून जुळवावे. .३०० ब्लॅकआउटचे काडतूस .२२३ च्या पुंगळीपासून जन्मलेले आहे, बुडाचे माप तेच आहे, आणि काही गोळ्यांसह ते .२२३ च्या कोठीत शिरूही शकते. मग जाड गोळी बारीक नळीत अडकते आणि पिस्तूल फुटते. .४५ कोल्ट आणि .४१० छर्रे दोन्ही चालवणाऱ्या नळीच्या तोंडाशी छर्र्यांसाठी चोक (तोंड अरुंद करणारा तुकडा) असतो. गोळीचे काडतूस भरण्यापूर्वी तो काढलाच पाहिजे.

पुंगळ्या पुन्हा भरणाऱ्यांसाठी एक सूचना. काठ असलेल्या बाटलीच्या आकाराच्या पुंगळीचा खांदा गरजेपेक्षा मागे दाबला, तर प्रत्येक बाराला पुंगळी ताणली जाते आणि काही वेळा वापरल्यावर बुडापाशी तुटते. खांदा फार पुढे राहिला तर पिस्तूल पूर्ण मिटत नाही. नळी सुटी करता येते याचा येथे फायदा घ्यावा: पुंगळीला आकार देणाऱ्या साच्यातून काढलेली पुंगळी सुट्या नळीत टाकून पाहावी. तिचे बूड नळीच्या मागच्या तोंडाशी समपातळीत आले तर साचा बरोबर लावला आहे. दारूचे प्रमाण मात्र केवळ प्रकाशित पुस्तिकेतून, त्याच काडतुसासाठी आणि त्याच फ्रेमसाठी दिलेले, खालच्या आकड्यापासून घ्यावे. पिस्तूल उघडताना जोर लागणे, पुंगळी चिकटणे किंवा प्राइमर सपाट होणे यांपैकी एक जरी दिसले तरी त्या दिवशी थांबावे.

बार काढताना

रायफलचे काडतूस १० किंवा १४ इंची नळीतून उडते तेव्हा आवाज १६० डेसिबलच्या वर जातो, आणि तोंडाशी ब्रेक (वायू बाजूला सोडून झटका कमी करणारा तुकडा) लावला असेल तर तो आणखी वाढतो. कानात बोळे आणि वरून कर्णरक्षक अशी दुहेरी व्यवस्था ठेवावी. चष्मा अनिवार्य आहे. दुर्बीण पिस्तुलासाठीच बनवलेली, म्हणजे हात लांब करून धरल्यावरही चित्र पूर्ण दिसेल अशी असावी. रायफलची दुर्बीण डोळ्याजवळ आणून पाहिली तर झटक्याने कपाळ फुटते. मोठ्या काडतुसांचा झटका माउंटचे (दुर्बिणीच्या बैठकीचे) स्क्रू सैल करतो, तेव्हा चार स्क्रूंचा माउंट घ्यावा आणि दर वेळी तपासावा.

वाळूच्या पिशवीवर टेकवताना फोरएंड टेकवावा, नळी नव्हे. नळी टेकली की गोळी वर लागते आणि प्रत्येक वेळी वेगळी लागते. मूठ दर वेळी सारख्याच ताकदीने धरावी, कारण हलके पिस्तूल गोळी नळीत असतानाच वर उसळू लागते. पकड सैल-घट्ट झाली की गोळी वर-खाली जाते. १० इंची कंटेंडर सुमारे सव्वा किलोचे असते, १४ इंची सुमारे दीड किलोचे. मोठी काडतुसे थोडीच चालवावीत. मनगट थकले की चाप ओढण्यापूर्वीच डोळे मिटू लागतात, आणि ती सवय एकदा लागली की मोडायला पुन्हा .२२ ची नळीच लावावी लागते.

या पिस्तुलाची खरी परीक्षा धातूच्या आकृत्यांवरील नेमबाजीत होते. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल हँडगन मेटॅलिक सिल्हूट असोसिएशनच्या मोठ्या काडतुसांच्या स्पर्धेत ५० मीटरवर कोंबडी, १०० वर डुक्कर, १५० वर टर्की आणि २०० वर मेंढा अशा पोलादी आकृत्या असतात, आणि त्या नुसत्या लागून चालत नाहीत, पडाव्या लागतात. मेंढा सर्वांत जड आणि सर्वांत दूर असल्याने हलकी गोळी तेथे वाया जाते. .२२३ ची पुंगळी फुगवून बनवलेले ७ मिलिमीटर टीसीयू हे काडतूस याच खेळामुळे नावारूपाला आले: झटका सोसवतो आणि मेंढाही पडतो.

या खेळात अनेक जण क्रीडमूर बैठक घेतात. अंग मागे टाकून पडायचे, एक गुडघा वर घ्यायचा, पिस्तूल त्या पायाच्या बाहेरच्या बाजूला टेकवायचे आणि दुसऱ्या हाताने डोक्याला आधार द्यायचा. रिव्हॉल्व्हरमध्ये चक्र आणि नळी यांच्या फटीतून गरम वायू बाहेर येतो, म्हणून तेथे पायावर चामड्याचे आवरण लागते. कंटेंडरला अशी फट नाही. तरीही नळीचे तोंड गुडघ्याच्या आणि पोटरीच्या पुढेच आहे, हे प्रत्येक बारापूर्वी पाहावे, विशेषतः १४ ऐवजी १० इंची नळी लावली असेल तेव्हा.

बार उडाला नाही तर पिस्तूल निशाणाकडे रोखून किमान अर्धा मिनिट थांबावे, मग उघडावे. जुन्या कंटेंडरमध्ये हॅमर बार न काढता खाली आणली, तर पुन्हा चढवण्यापूर्वी पिस्तूल उघडून-मिटावे लागते. जी-टूमध्ये तसे करावे लागत नाही. हॅमर खाली आणणे हेच मुळात जोखमीचे असल्याने नवशिक्याने आधी पिस्तूल उघडून काडतूस बाहेर काढावे. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढचे काडतूस न भरता नळीतून आरपार पाहावे, कारण गोळी मध्येच अडकलेली असू शकते.

घरी आल्यावर

साफसफाई मागच्या बाजूने करता येते, हे या रचनेचे सुख आहे: पिस्तूल उघडले की गज थेट कोठीतून जातो आणि तोंडाची कड घासली जात नाही. प्रत्येक नळीसाठी एक छोटी वही ठेवावी आणि तीत काडतूस, गोळीचे वजन, अंतरानुसार साईटचे टिचके आणि झालेले बार लिहावेत. फ्रेम कुलुपाच्या तिजोरीत, काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि दस्ता व आखूड नळ्या वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवाव्यात. कोकणासारख्या दमट हवेच्या प्रदेशात, फ्लोरिडा किंवा लुईझियानात, राहणाऱ्यांनी नळ्या फोमच्या पेटीत बंद ठेवू नयेत. फोम ओल धरतो आणि काही आठवड्यांत गंजाचे ठिपके उठतात. तेलाचा हलका हात देऊन त्या कोरड्या कापडी पिशवीत उभ्या ठेवाव्यात, आणि पुढच्या वेळी बार काढण्यापूर्वी नळीतील तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे.